फ्रीमाँट: पाच गावांनी मत देऊन उभं केलेलं शहर

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेले मराठी आईवडील दोन-चार दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात, "इथली बाजारपेठ कुठं आहे?" देऊळ सापडतं, कढीपत्ता मिळतो, बाग आहे, तळं आहे. पण जिथं पोचल्यावर गावात आलो असं वाटावं, अशी जागा काही सापडत नाही. २०२० च्या जनगणनेत २,३०,५०४ लोकसंख्या नोंदवलेलं हे शहर, आणि त्याला गजबजलेली पेठ नाही.

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर या शहराच्या जन्मात आहे. फ्रीमाँट हळूहळू वाढत शहर झालेलं नाही. २३ जानेवारी १९५६ रोजी ते कायद्यानं अस्तित्वात आलं, तेव्हा तिथं पाच वेगवेगळी गावं होती आणि त्यांच्या मधे जर्दाळूच्या बागा, फ्लॉवरची शेतं आणि गुरांची कुरणं होती. शहर आधी झालं, वस्ती नंतर आली. असं कुणी का करावं? माझ्या मते कारण एकच: कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हातात राहावा म्हणून. अमेरिकेतली बरीचशी उपनगरं याच एका गोष्टीवरून समजतात, आणि फ्रीमाँटमध्ये ती फार स्वच्छ दिसते.

शहर म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे एखादं गाव मोठं झालं की राज्य सरकार अधिसूचना काढतं आणि नगरपालिका होते. कॅलिफोर्नियात पुढाकार रहिवाशांचा असतो. संपूर्ण राज्य काउंटींमध्ये वाटलेलं आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानानं जिल्हा. जो भाग कुठल्याच शहरात नाही, तिथले रस्ते, पोलिस आणि बांधकाम परवाने काउंटी बघते. रहिवाशांना स्वतःचं शहर हवं असेल तर ते सह्या गोळा करतात, अर्ज करतात, हद्द ठरते आणि मग त्या हद्दीतले मतदार मत देतात. कौल बाजूनं पडला की शहर झालं. एकही नवी वीट न रचता.

त्यातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, जमीन वापराचे नियम, ज्यांना तिथं झोनिंग म्हणतात. आपल्याकडे शेतजमीन बिगरशेती करायला जे महत्त्व आहे, तेच तिथं झोनिंगला आहे: इथं फक्त बंगले, तिथं कारखाने, पलीकडे दुकानं. दुसरी, कराचा वाटा. १९५५ साली कॅलिफोर्नियानं विक्रीकराबाबत एक कायदा केला आणि हद्दीतल्या विक्रीवरच्या कराचा ठरावीक हिस्सा शहरांना मिळू लागला. तिसरी म्हणजे संरक्षण. एकदा तुमचं शहर झालं की शेजारचं शहर तुमची जमीन आपल्या हद्दीत ओढून घेऊ शकत नाही. १९५० च्या दशकात या तिसऱ्या गोष्टीचीच सगळ्यांना घाई झाली होती.

पाच गावांच्या आधी

ही जमीन रिकामी कधीच नव्हती. ओलोनी हे इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं राहत होते. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या कोयोटी हिल्स टेकड्यांजवळ त्यांच्या वस्तीचे, शिंपल्यांचे ढीग आजही आहेत, दोन हजार वर्षांहून जुने. ११ जून १७९७ रोजी स्पॅनिश पाद्री फेर्मीन लासुएन यांनी इथं मिशन सान होजे स्थापन केलं. मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. शेती, गुरं, कातडी कमावणं, विणकाम, असा तो मोठा व्याप होता आणि तो चालत होता स्थानिक लोकांच्या श्रमावर. एकदा बाप्तिस्मा झाला की मिशन सोडून जायची मुभा नसे. पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणत. गोवरासारख्या रोगांनी माणसं मोठ्या संख्येनं मेली. याच मिशनमधला एस्तानिस्लाओ नावाचा योकुट्स जमातीचा पुढारी १८२० च्या दशकाच्या शेवटी आपली माणसं घेऊन बाहेर पडला आणि मेक्सिकन सैन्याशी लढला (तोवर कॅलिफोर्निया स्पेनकडून मेक्सिकोकडे गेलं होतं). आजची स्टॅनिस्लॉस नदी आणि त्याच नावाची काउंटी त्याच्या नावानं ओळखली जाते. १८३० च्या दशकात मेक्सिकन सरकारनं मिशनांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यातला मोठा वाटा मूळ रहिवाशांना मिळेल असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्या बड्या रँचोवाल्यांच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या जमीनदारांच्या, घशात गेल्या.

पुढं कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आलं, सोन्याच्या शोधात माणसं लोटली आणि या भागाला वॉशिंग्टन टाउनशिप असं नाव पडलं. त्यात गावं वसली. सेंटरव्हिल हे बाजाराचं गाव, अर्व्हिंग्टन हमरस्त्यांच्या फाट्यावरचं, वॉर्म स्प्रिंग्ज गरम पाण्याच्या झऱ्यांचं, मिशन सान होजे जुन्या चर्चभोवतीचं. नाइल्स आधी पिठाच्या गिरणीचं गाव होतं. १८६९ साली अमेरिका आरपार जोडणारी रेल्वे नाइल्सच्या खिंडीतून खाडीपर्यंत आली आणि ते रेल्वेचं गाव झालं. १९१२ साली एसॅने या चित्रपट कंपनीनं तिथं बस्तान बसवलं. हॉलिवुडचं प्रस्थ पुरतं वाढायच्या आधीची ही गोष्ट. त्या खिंडीत काउबॉयपट निघाले आणि १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिननं तिथं काही चित्रपट केले. पुढच्याच वर्षी स्टुडिओ बंद पडला. गावात त्या दिवसांचं संग्रहालय आहे. मूकपट अजूनही दाखवतात.

बाकी सगळी शेती. फळझाडांची कलमं करणारी कॅलिफोर्निया नर्सरी कंपनी नाइल्समध्येच होती, शेकडो एकरांवर पसरलेली. खाडीच्या बाजूला मिठागरं. जपानी कुटुंबं या भागात भाजीपाला आणि फळं पिकवत होती. १९४२ साली, युद्धाच्या काळात, सरकारनं त्यांना उचलून छावण्यांत टाकलं. परतल्यावर अनेकांच्या हाती जमीन उरली नव्हती. बागांच्या जागी घरं कशी आली हे सांगताना हे विसरून चालणार नाही.

१९५६ ची घाई

युद्ध संपलं आणि घरांची मागणी प्रचंड वाढली. १९४४ च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांना स्वस्त गृहकर्ज मिळू लागलं. सरकारी हमीमुळं बँका नव्या उपनगरी घरांवर सढळ हातानं कर्ज देऊ लागल्या. ही हमी गोऱ्या वस्त्यांना सहज मिळे. कृष्णवर्णीय कुटुंबांना आणि त्यांच्या वस्त्यांना ती नाकारली जाई, आणि घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा केंद्रीय कायदा यायला १९६८ साल उजाडावं लागलं. खाडीकाठानं महामार्ग तयार होत होता. ओकलंडची माणसं दक्षिणेला सरकत होती.

वॉशिंग्टन टाउनशिपच्या उत्तरेला हेवर्ड, दक्षिणेला सान होजे शहर (मिशन सान होजे या गावाहून वेगळं). सान होजेचा कारभार पाहणारे अधिकारी, सिटी मॅनेजर डच हॅमन यांनी १९५० पासून आजूबाजूची जमीन शहरात जोडून घेण्याचा सपाटा लावला होता. हेवर्डही दक्षिणेकडे सरकत होतं. आपण स्वस्थ बसलो तर अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे जाऊ, ही गावकऱ्यांची भीती खरी होती. वेगवेगळी गावं असली तरी त्यांना एकत्र काम करायची सवय होती. हायस्कूल सामाईक होतं. १९४८ साली त्यांनी रुग्णालयासाठी मिळून एक 'डिस्ट्रिक्ट', म्हणजे सामाईक सार्वजनिक संस्था, स्थापन केली होती. त्यातून उभं राहिलेलं हॉस्पिटल अजूनही वॉशिंग्टन हेच जुनं नाव लावतं.

सगळी गावं मात्र आली नाहीत. न्यूआर्कच्या लोकांना वाटलं, आपल्या माथी कारखाने मारले जाणार आणि बंगल्यांची वस्ती दुसरीकडे होणार. त्यांनी १९५५ मध्येच आपलं वेगळं शहर करून टाकलं. म्हणून आजही नकाशात न्यूआर्क जवळजवळ चहूबाजूंनी फ्रीमाँटनं वेढलेलं दिसतं. उत्तरेकडच्या डेकोटो आणि अल्वाराडो गावांनी १९५९ साली युनियन सिटी काढलं. उरलेल्या पाचांचं झालं फ्रीमाँट.

पाचपैकी एकाही गावाचं नाव शहराला मिळालं नाही. नाव दिलं जॉन चार्ल्स फ्रीमाँट या लष्करी अधिकाऱ्याचं. पश्चिमेचे नकाशे करणारा आणि १८५६ साली रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्षपदाचा उमेदवार, म्हणून त्याची ख्याती. त्याच्याच तुकडीनं १८४६ मध्ये सॅक्रामेंटो नदीकाठी मूळ रहिवाशांची कत्तल केली होती. ओलोनींच्या जमिनीवरच्या शहराला हे नाव असावं, हे मला खटकतं.

आराखडा आणि जमिनीखालची भेग

नवं शहर झाल्याबरोबर सर्वंकष आराखडा तयार झाला. कल्पना विचारपूर्वक केलेली होती. पाच जुनी गावठाणं तशीच राहतील, त्यांच्या मधल्या शेतांत घरांच्या वसाहती होतील, दक्षिणेला आणि खाडीच्या बाजूला कारखाने, आणि पाचही गावांना समान अंतरावर पडेल अशा मोकळ्या जागी नवं केंद्र.

वसाहती झपाट्यानं झाल्या. स्थापनेच्या वेळी वस्ती वीस-बावीस हजारांच्या घरात होती. १९६० मध्ये ४३,७९० आणि १९७० मध्ये १,००,८६९. चौदा वर्षांत चौपटीहून जास्त. केंद्र मात्र तसं झालं नाही. त्या काळी दुकान म्हणजे भलंमोठं पार्किंग आणि त्यामागं एकमजली गाळे. मधल्या मोकळ्या जागेवर तेच आलं, फ्रीमाँट हब नावाचं शॉपिंग सेंटर आणि त्याच्या आजूबाजूला तसंच बरंच काही. नियमच असे होते की घर एकीकडे, दुकान दुसरीकडे, कचेरी तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी गाड्या लावायला ठरावीक जागा सोडणं बंधनकारक. अशा नियमांतून पेठ तयार होऊच शकत नाही. पेठेला खाली दुकान आणि वर बिऱ्हाड लागतं, दाटी लागते, पायी येणारी माणसं लागतात.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग शहराच्या मधून जाते. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी ती हलली, तेव्हा मिशनचं १८०९ साली बांधलेलं कच्च्या विटांचं चर्च कोसळलं. आज दिसतं ते १९८० च्या दशकात जुन्या पद्धतीनं पुन्हा उभारलेलं. मोठा भूकंप नसतानाही ही भेग वर्षाला काही मिलिमीटर सरकत राहते. अर्व्हिंग्टन भागात तिच्या वाटेवरच्या रस्त्याकडेला जाऊन बघा: फुटपाथची सिमेंटची कड सरळ येते, एका जागी जरा बाजूला सरकते आणि पुढं पुन्हा सरळ जाते. कुणी चुकून वाकडी बांधलेली नाही. खालची जमीन तिला घेऊन सरकली आहे. शहराचं जुनं सिटी हॉल या भेगेच्या इतकं जवळ होतं की ते धोकादायक ठरलं आणि २००४ साली पाडलं. १९७२ पासून राज्याचा कायदा आहे की जागत्या भेगेवर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधायची नाही. सेंट्रल पार्कमधलं एलिझाबेथ तळं आणि भोवतीची मोकळी हिरवळ याच भेगेच्या शेजारी आहे.

एकाच कारखान्याची तीन आयुष्यं

फ्रीमाँटची रोजीरोटी समजायची तर दक्षिणेकडचा एक कारखाना बघावा. १९६३ मध्ये जनरल मोटर्सनं तिथं गाड्या जुळवायला सुरुवात केली. पगार चांगला, युनियन मजबूत, पण व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात सतत ताण. गैरहजेरी प्रचंड. मुख्य हुकूम एकच, जुळणीची लाइन थांबता कामा नये. सदोष गाडी तशीच पुढं ढकलायची, दुरुस्ती नंतर. १९८२ मध्ये कारखाना बंद झाला.

१९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटानं भागीदारीत तोच कारखाना नुमी या नावानं पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी तेच, युनियनही तीच. त्यातल्या अनेकांना जपानला प्रशिक्षणासाठी पाठवलं. लाइनच्या वर एक दोरी टांगलेली असे. काही चुकतंय असं दिसलं की कुठल्याही कामगारानं ती ओढायची, गरज पडली तर सगळी लाइन थांबवायची. ज्या माणसांवर आधी कुणाचा भरवसा नव्हता, त्यांच्याच हातात ही दोरी दिली, आणि त्यांनी उत्तम गाड्या बनवल्या. फ्रीमाँटच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. माणसं वाईट नव्हती, काम करून घ्यायची रीत वाईट होती, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचित मिळतो.

२०१० च्या एप्रिलमध्ये नुमी बंद पडलं आणि सुमारे ४,७०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी टेस्लानं ती जागा ४.२ कोटी डॉलरला घेतली. २०१२ पासून तिथून विजेवरच्या गाड्या बाहेर पडताहेत.

कराचं गणित

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ हा करविषयक प्रस्ताव मंजूर केला. मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या साधारण १ टक्का, आणि घर विकलं जात नाही तोवर करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार. परिणाम काय? एकाच रस्त्यावर, एकाच आराखड्याची दोन घरं. एकात १९७५ पासून राहणारं जोडपं, दुसऱ्यात गेल्या वर्षी घर घेतलेलं तरुण कुटुंब. दुसऱ्यांचा कर पहिल्यांच्या कित्येक पट. म्हाताऱ्या माणसांना घर सोडावं लागू नये हा हेतू समजण्यासारखा होता. पण शहराच्या तिजोरीच्या दृष्टीनं नवं घर म्हणजे शाळा-रस्त्यांचा खर्च जास्त आणि उत्पन्न मर्यादित, तर मोटारींचं शोरूम म्हणजे विक्रीकर. म्हणून महामार्गालगत मोटारींची शोरूम्स आणि मोठमोठी दुकानं उभी राहिलेली दिसतात, आणि घरं कमी पडतात.

वाढीला दोन्ही बाजूंनी कुंपणही पडलं. पूर्वेच्या डोंगरांवर बांधकाम रोखणारे नियम मतदारांनी १९८१ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मंजूर केले. म्हणूनच मिशन पीकवर चढताना उघडे गवताळ डोंगर दिसतात, जे हिवाळ्याच्या पावसानंतर हिरवेगार आणि उन्हाळ्यात सोनेरी असतात. पश्चिमेला मिठागरांचा मोठा भाग वन्यजीव अभयारण्यात गेला. मधल्या पट्ट्यात जेवढी जमीन उरली, तेवढ्यातच सगळं.

नवी माणसं

१९६५ च्या कायद्यानं अमेरिकेत येणाऱ्यांवरचा जुना, वंशावर आधारलेला कोटा काढला. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अफगाण कुटुंबं आली. सेंटरव्हिलचा एक भाग आता लिटल काबूल म्हणून ओळखला जातो. मग चिनी, तैवानी, भारतीय इंजिनियर. डंबार्टन पूल ओलांडला की पलीकडे सिलिकॉन व्हॅली, दक्षिणेला सान होजे, आणि १९७२ पासून २०१७ पर्यंत ओकलंड-सान फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्या बार्ट रेल्वेचं शेवटचं स्टेशन फ्रीमाँटच होतं. नवरा-बायकोच्या नोकऱ्या दोन दिशांना असल्या तर राहायला हेच गाव सोयीचं. २०१० पर्यंत निम्म्याहून जास्त रहिवासी आशियाई वंशाचे झाले होते. ऑगस्टमध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघते, आणि बे एरियातल्या, म्हणजे खाडीभोवतालच्या भागातल्या, मराठी मंडळींची इथं मोठी वस्ती आहे.

त्यांना इथं खेचणारी आणखी एक गोष्ट म्हणजे शाळा. अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळं चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग. २००० च्या सुमारास शाळांच्या हद्दी बदलायचं ठरलं, तेव्हा मिशन सान होजे भागातल्या पालकांनी जोरदार विरोध केला, शाळांचा कारभार पाहणारा वेगळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' काढायचीही मोहीम चालवली. पाच गावांना एकत्र येऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. तरी कुंपण कुठं घालायचं, यावरून भांडण सुरूच.

आता अधिकार कुणाकडे

गेल्या काही वर्षांत राज्य सरकारनं शहरांच्या हातातला तो मूळ अधिकार थोडा थोडा परत घ्यायला सुरुवात केली आहे. घरांची टंचाई इतकी झाली की दुसरा मार्ग उरला नाही. दर आठ वर्षांनी प्रत्येक शहराला किती घरांसाठी जागा मोकळी करायची, याचं उद्दिष्ट दिलं जातं. २०२३ ते २०३१ साठी फ्रीमाँटच्या वाट्याला जवळपास १३,००० घरं आली. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार फक्त एका बंगल्यासाठी राखीव असलेल्या प्लॉटचेही दोन भाग करता येतात आणि प्रत्येकावर घरं बांधता येतात. शहर पूर्वीसारखं सहज नाही म्हणू शकत नाही. मला हे योग्य वाटतं. कारखान्यात, दुकानात, शाळेत काम करणाऱ्या माणसाला त्याच शहरात घर परवडत नसेल, तर त्या शहरानं आपल्या अधिकाराचा वापर नीट केलेला नाही. पण ज्यांनी आयुष्यभराची कमाई एका शांत रस्त्यावरच्या घरात घातली, त्यांची काळजीही खोटी नाही, आणि सिटी काउन्सिलच्या बैठकांत ती वारंवार मांडली जाते.

बदल दोन ठिकाणी ठळक दिसतो. २०१७ मध्ये बार्ट पुढं सरकली आणि टेस्लाच्या कारखान्याजवळ वॉर्म स्प्रिंग्जचं स्टेशन सुरू झालं. त्याच्याभोवती, जिथं पूर्वी फक्त उद्योगांना परवानगी होती, तिथं सुमारे ४,००० घरांचा आराखडा आहे आणि अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात. आणि जुन्या स्टेशनजवळ, हबच्या पलीकडे, २०१२ च्या नव्या आराखड्यानुसार खाली दुकानं, वर फ्लॅट अशा इमारती होताहेत. पार्किंगच्या मोकळ्या मैदानांतून नवे रस्ते काढलेत, फुटपाथ रुंद केलेत. १९५६ च्या नकाशात ज्या जागी केंद्र काढलं होतं, ती जागा हीच.